मागच्या खोलीतलं मशीन

कोंबड्या सोलायचा कारखाना बंद झाला त्या दिवशी सगळ्या बायकांनी आपापले पांढरे गमबूट फाटकापाशी ओळीनं काढून ठेवले. नेरिस बेवननं ठेवले नाहीत. ती ते पायात घालूनच निघाली. मुकादम मागून ओरडला, "नेरिस, बूट कंपनीचे आहेत!"

"मग कंपनीला सांग, घरी येऊन पायातून ओढून घे म्हणावं," ती न वळता म्हणाली आणि पावसातून चालत कूमहेलिग गावातल्या आपल्या घरी आली.

घर वरच्या आळीतलं, करड्या घरांच्या रांगेतलं शेवटून दुसरं. ही सगळी रांग भाड्यानं घरं देणाऱ्या संस्थेची होती. एमलिनची पाठ गेल्यापासून नेरिसच्या घराचं भाडं मदत म्हणून कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका, भरत होती. एमलिन म्हणजे तिचा नवरा. मेंढ्या कातरणारा. दोन्ही खोऱ्यांत त्याच्यासारखा हात नव्हता; मेंढी त्याच्या गुडघ्यांत आली की आपणहून अंग सैल सोडायची, असं लोक म्हणत. मग एका जूनमध्ये पेनलान या मेंढ्यांच्या शेताच्या वाड्यात एक एडका त्याच्याखाली पिळवटला आणि एमलिन वाकला तो वाकलेलाच राहिला. एडका अर्ध्या लोकरीनिशी पळून गेला. तेव्हापासून एमलिन खिडकीजवळच्या खुर्चीत, पाठीमागे फळी लावून बसायचा. जुना एखादा शेतकरी रस्त्यानं येताना दिसला की पडदा ओढून घ्यायचा.

"आता?" त्या दिवशी त्यानं विचारलं.

"आता चहा," नेरिस म्हणाली.

कारखान्यात लागायच्या आधी, पोरवयात, नेरिस बाजाराच्या गावी एका ताडपत्रीवाल्याकडे कामाला होती. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, तंबू, गवताच्या गंजीवरची आच्छादनं असलं जाड काम. तो म्हातारा अजून होता. दुकान मोडून बसला होता. त्याच्या कोठारात पोत्यांखाली ताडपत्री शिवायचं मशीन पडलं होतं. बैलासारखं काळं, दणकट, सहा पदरी पट्ट्यातून सुई आरपार घालणारं. नेरिसनं त्याचं सगळं कोठार रिकामं करून, धुऊन, चुना मारून दिलं आणि मशीन मागून घेतलं.

ते वर नेताना खरी परीक्षा झाली. भाजीवाल्याच्या गाडीनं ते दारात आणून टाकलं. शेजारचा आयव्हर, निवृत्त पोस्टमन, कुंपणाला टेकून बघत उभा राहिला. दोन्ही हात खिशात.

"जड दिसतंय," तो म्हणाला.

"उचलून बघ, म्हणजे कळेल," नेरिस म्हणाली.

आयव्हर हसला, पण हात बाहेर काढले नाहीत. एमलिन दारात भिंतीला धरून उभा होता. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं तशी नेरिस गुरगुरली, "तिथंच थांब." तिनं पान्यानं मशीन टेबलापासून सोडवलं, मशीनचं डोकं एका चादरीत बांधलं आणि चादरीची गाठ खांद्यावर घेऊन एकेक पायरी बसत-उठत ते जिन्यानं वर नेलं. वरच्या पायरीवर ती मशीनला टेकून बसली. खाली एमलिन कठड्याला धरून वर बघत होता.

घोड्याची पहिली झूल शिवायच्या आधी तिनं कौन्सिलला फोन लावला.

"कशाला सांगतेस?" एमलिन म्हणाला. "खालच्या आळीतली ती केस कापते, तो सायकली दुरुस्त करतो. कोण सांगतंय? सगळे गप्प बसून करतात."

"कारखान्यातून मी एक पंख चोरला नाही. आता स्वतःच्या घरात चोरासारखी शिवत बसू?"

फोनवर बराच वेळ गाणं वाजत राहिलं. मग एक पोरगी आली. नेरिसनं सांगितलं: मी घोड्यांच्या झुली धुते आणि शिवते, घरून, आजपासून. कमाई होईल तशी कळवीन. पोरीनं 'झुली' दोनदा विचारून घेतलं आणि नोंद केली म्हणाली.

झुली येऊ लागल्या. या भागात घोडी पुष्कळ: ट्रेकिंगवाल्यांची खुजी तट्टं, शेतकऱ्यांच्या पोरींची, आणि डोंगराच्या पायथ्याच्या मिसेस पेल्हमबाईंच्या तबेल्यातली उंच, चकचकीत, शिकारीला जाणारी. हिवाळाभर घोड्याच्या अंगावर झूल असते. तो तिच्यात लोळतो, घामेजतो, मुततो, कुंपणाला घासून फाडतो. झूल काढली की ती आपल्या पायावर उभी राहते, इतकी कडक झालेली असते. नेरिस ती मागच्या अंगणातल्या फरशीवर पसरायची. आधी बोथट सुरीनं वाळकी लीद खरवडायची, मग ताठ ब्रशानं केस ओढायचे, मग पाइपाचं पाणी, साबण, पुन्हा ब्रश, पुन्हा पाणी. भिजलेली झूल मेलेल्या जनावराइतकी जड. ती दोरीवर टाकताना बाह्यांतून पाणी काखेत जायचं. ऑक्टोबर सरता सरता तिच्या बोटांची पेरं फुटली. केस सगळीकडे. चहात, उशीवर, दातांत.

"काल रात्री मला स्वप्न पडलं," एमलिन एकदा सकाळी म्हणाला, "की मी एका घोडीशी लग्न केलंय."

"मग? नांदते का बरी?"

"लाथा मारते."

हळूहळू त्यानंही हात घातला. बक्कलांना तेल देणं, कुजलेले पट्टे उसवणं, नवे कापणं. कातरणीचा हात तो. पट्टा असा सरळ कापायचा की पट्टी लावायची गरज नाही. खुर्चीतच बसून, मांडीवर फळी घेऊन. पण दारात गाडी थांबली की तो मांडीवरचं सगळं झटकन टोपलीत टाकायचा आणि वर्तमानपत्र उघडायचा.

आयव्हर कुंपणावरून बोलायचा. "नेरिस, माझी बायको विचारतेय, आपण गावात राहतो की तबेल्यात?"

"तिला सांग, तबेल्यात शेजारी बरे असतात."

पण मोरी तुंबायला लागली होती हे खरं होतं. केसांचे बोळे ती हातानं उपसून काढायची. तरी एकदा पाणी आयव्हरच्या वाफ्यात गेलं. तिनं जाऊन त्याचा वाफा साफ करून दिला. तो खिडकीत उभा राहून बघत होता.

मिसेस पेल्हमबाईंचं काम सगळ्यात मोठं. त्यांचा माणूस झुली आणून टाकायचा. एक दिवस बाई स्वतः आल्या. बाई जिना चढून मागच्या खोलीत गेल्या. मशीनवर हात फिरवला, बोटं रुमालाला पुसली.

"छान जमवलंयस गं," त्या म्हणाल्या. "एक बोलायचं होतं. तुझा दर जरा जास्त आहे, असं मला वाटतं."

"शहरातला माणूस याच्या दुप्पट घेतो, मॅडम."

"त्याला दुकानाचं भाडं असतं. तुझं घरभाडं तर तुला फुकटच आहे ना. म्हणजे आमच्याच करातून." त्या गोड हसल्या. "तेव्हा दर अर्ध्यावर आण. मी हातात देत जाईन. कुणाला कळायचं कारण नाही."

खाली खुर्ची करकरली. एमलिन ऐकत होता.

"कळलेलं आहे," नेरिस म्हणाली. "मीच फोन करून सांगितलंय. पहिल्या दिवशी."

बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "सांगितलंस? बरं. म्हणजे प्रामाणिक आहेस. पण माझा मुद्दा..."

"तुमचा मुद्दा कळला. माझं भाडं कोण भरतं ते बघून तुमचा घोडा कमी मुततो का?"

"नेरिस!"

नेरिसनं कोपऱ्यातल्या त्यांच्या झुली उचलल्या. न धुतलेल्या, तशाच. एकेक करून जिन्यावरून खाली आणल्या आणि त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर रचल्या. त्या क्रीम रंगाच्या सीटवर. बाई पदपथावर उभ्या राहून "अगं, ऐक तरी, अगं," करत राहिल्या. दार नीट लागेना, तेव्हा नेरिसनं ते कुल्ल्यानं लोटलं.

घरात आली तेव्हा एमलिन म्हणाला, "सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घालवलंस."

"हो."

"बरं केलंस, असं म्हणणार होतो. पण घाबरलोय मी."

"मीपण," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

आठवडा उलटला नाही तोच कुणीतरी तक्रार केली. बेवन कुटुंब सरकारी मदतीवर राहून घरात कारखाना चालवतं, असं. कुणी केली ते कधीच कळलं नाही. आयव्हरनं कुणी विचारायच्या आधीच आपण नव्हे म्हणून शपथ घेतली. नेरिसनं शोध घेतला नाही. तिच्यापुढं कामं पडली होती. कौन्सिलनं चौकशी होईपर्यंत भाडं भरणं थांबवलं, आणि भाडं थांबलं म्हटल्यावर घरांच्या संस्थेची बाई आली.

लोर्ना किड तिचं नाव. तरुण, सर्दी झालेली, ओल्या छत्रीचं काय करावं ते न सुचलेली. तिनं अंगण पाहिलं, मोरी पाहिली, न्हाणीघरात गेली आणि तोंडावर रुमाल धरून बाहेर आली. वर मशीन बघितलं. नेरिस शिवतच होती.

"बेवनबाई, जरा थांबवता का?"

"एवढी कड होऊ दे. मध्ये थांबलं की टाका सुटतो."

कड झाली. लोर्ना किड म्हणाली, "धुणं इथं चालणार नाही. मोरीचं गटार सगळ्या रांगेचं एकच आहे."

"मान्य."

बाईला बहुधा भांडणाची अपेक्षा होती. ती जरा गडबडली. "आणि मशीनसाठी परवानगी लागते. तुम्ही ती घेतलेली नाही."

"कौन्सिलला सांगितलं होतं."

"कौन्सिल वेगळी, आम्ही वेगळे. अर्ज करा. निर्णय होईपर्यंत मशीन बंद ठेवा."

"निर्णय कधी?"

"सांगता येत नाही. वर्षअखेरच्या सणाआधी झाला तर झाला."

"म्हणजे हिवाळाभर मशीन बंद, भाडं बंद, आणि भाडं थकलं म्हणून तुम्हीच पुन्हा येणार, घर काढून घ्यायला."

लोर्ना किडनं नाक पुसलं. "मी नियम सांगतेय."

"मी काम सांगतेय. धुणं आजपासून इथं बंद. अर्ज आत्ता, तुमच्या समोर करते. मशीन बंद करणार नाही."

"हे मला लिहून घ्यावं लागेल."

"घ्या. 'नकार दिला' असंच लिहा. आणि ती छत्री इकडे द्या, झुलीवर पाणी पडतंय."

पुढच्या मंगळवारी तिला बाजाराच्या गावी कौन्सिलच्या कचेरीत बोलावलं. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली. तिनं अंघोळ करून कोरे कपडे घातले होते. पण घोड्याचा वास कातड्याखाली जातो. कचेरीत टेबलामागं एक मध्यमवयीन माणूस होता. चांगला माणूस होता. तिला पाणी दिलं, खुर्ची जरा मागं घेतली.

"मला आधी एक ठरवायचंय," तो म्हणाला. "हा तुमचा छंद आहे की धंदा?"

नेरिसनं आपले दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. पेरं फुटलेली, नखांत काळं, तळव्याला मशीनच्या चाकाचा घट्टा. "घोड्याचं मूत छंद म्हणून कोण धुतं हो?"

त्यानं खोकून तोंड फिरवलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बेवनबाई, तुमच्या भल्यासाठी सांगतो. धंद्याचा हिशेब दर महिन्याला बदलतो, आमचं काम वाढतं, तुमचं भाडं दर वेळी अडकतं. तुम्ही आज हे बंद केलंत असं सांगितलंत, तर भाडं सोमवारपासून सुरू करतो. एका ओळीचं काम."

"आणि मंगळवारी मी काय करू?"

"म्हणजे?"

"सोमवारी भाडं आलं. मंगळवारी सकाळी उठून मी काय करायचं? खुर्चीत बसायचं? घरात एक खुर्ची आहे बसायची. तीत माझा नवरा बसतो."

तिनं पर्समधून पावत्यांचा गठ्ठा काढून त्याच्यापुढं ठेवला. "हे सगळं आहे. जेवढं कमवीन तेवढं भाडं मी भरीन, उरलेलं तुम्ही भरा. नियम तसाच आहे ना? मग तसंच करा. तुमचं काम वाढतं म्हणून मी माझं बंद करणार नाही."

घरी आली तेव्हा अंधारून आलं होतं. एमलिननं बटाटे उकडून ठेवले होते. जेवताना तो म्हणाला, "सोडून दे, नेरिस."

ती खात राहिली.

"घर जाईल. माझ्या पाठीपायी आधीच काय कमी गेलंय? आता छप्पर तरी राहू दे."

"छप्पर गेलं तर मशीन दुसरीकडे लावीन."

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"छप्पर राहिलं आणि मीही तुझ्याशेजारी खुर्ची टाकून बसले तर? दोघं मिळून पडदा ओढू?"

बोलली आणि तिचंच तिला लागलं. एमलिननं काटा ताटात ठेवला. फार हळू, आवाज न करता. मग उठून, भिंतीला धरत झोपायला गेला.

सकाळी ती खाली आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. फळी तिथंच होती. दाढीचं सामान न्हाणीघरात, काठी जागेवर नाही. ती गमबूट चढवून बाहेर धावली. पाऊस नुसता भुरभुरत होता. पेनलानच्या चढावर, कुंपणाला एक हात लावत, तो चालला होता. दहा पावलं टाकायची, थांबायचं. तिनं गाठलं तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कुठं निघालास?"

"लाज टाकायला," तो म्हणाला. "चल, हात दे."

पेनलानची मालकीण मिस प्रोबर्ट, ऐंशीच्या पुढची, लग्न न केलेली, दोन डोंगर मेंढ्यांची धनीण. दारात उभी राहून ती त्या दोघांना चढ चढताना बघत होती. कुत्रा भुंकला तर त्याला पायानं मागं सारलं.

"एमलिन बेवन," ती म्हणाली. "जिवंत आहेस? मला वाटलं मेलास. कुणी कळवलं नाही म्हणून मातीला आले नाही."

"अजून आहे, बाई."

"मग पाच उन्हाळे कुठं होतास? परकी पोरं येतात माझ्या मेंढ्या कातरायला. कानात तारा घालून गाणी ऐकत कातरतात. मागच्या वर्षी सहा मेंढ्यांची सडं कापली. तू नुसता येऊन उभा राहिला असतास तरी पोरं सरळ वागली असती."

"नुसतं उभं राहायची लाज वाटायची."

"लाज," म्हातारी म्हणाली. "माझे दात गेले, मी जेवायचं सोडलं का?"

एमलिननं काठी दोन्ही हातांत धरली. नेरिसला वाटलं, आपणच बोलावं. पण तिनं बुटाचा चिखल पायरीला खरवडायला घेतला. त्याला हे वाक्य स्वतः उचलायचं होतं.

"बाई, तुमचा मेंढ्या धुवायचा वाडा हिवाळ्यात रिकामा असतो," तो म्हणाला. "पक्की फरशी आहे, पाणी खड्ड्यात जातं. नेरिसला झुली धुवायला हवाय. मागायला आलोय."

"ती का नाही मागत?"

"ती तुमच्याकडे काम करत नव्हती. मी करत होतो."

मिस प्रोबर्टनं नेरिसकडे, मग तिच्या पांढऱ्या गमबुटांकडे पाहिलं. "घोड्यांच्या होय? त्या पायथ्याच्या बाईच्या?"

"त्यांच्या सोडून सगळ्यांच्या," नेरिस म्हणाली. "फुकट नको मला."

"फुकट कोण देतंय? माझी लोकरीची पोती उंदरांनी खाल्लीत, ती सगळी शिवून दे. आणि हा जूनमध्ये इथं येऊन उभा राहील. ओरडेल. ओरडायला पाठ लागत नाही." मग ती आत वळली आणि आतूनच म्हणाली, "चहा ठेवलाय. बूट काढून या."

वाडा म्हणजे उघडा, वाऱ्याच्या तोंडावर. पाणी डोंगरातून नळीनं यायचं, इतकं गार की पहिल्या बादलीला दात शिवशिवायचे आणि तिसरीला हात आपले आहेत हेच कळायचं नाही. पण तिथं जागा होती. मेंढ्या अडकवायच्या लोखंडी कठड्यांवर एका वेळी पुष्कळ झुली पसरता यायच्या, आणि वारा त्यांना एका दिवसात वाळवायचा. एमलिन मिस प्रोबर्टच्या ट्रॅक्टरवर बसून वर यायचा, पोत्यावर बसून बक्कलं घासायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हाक मारली की आधी तो मान खाली घालायचा; मग एक दिवस त्यानंच एकाला हाक मारली. "काय रे, ते तुझं कुंपण अजून तसंच लोंबतंय का?" तो माणूस गाडी थांबवून उतरला. अर्धा तास दोघं मेंढ्यांच्या पायांच्या रोगावर बोलत होते. नेरिसनं पाण्याचा पाइप बंद केला नाही, पण कान तिकडेच होते.

निर्णय थंडी कडक पडल्यावर आले, दोन्ही पाठोपाठ. कौन्सिलनं भाडं पुन्हा सुरू केलं, पूर्वीपेक्षा कमी. उरलेला वाटा बेवनांनी भरायचा, आणि मधल्या दिवसांची थकबाकी हप्त्यानं. संस्थेचा निर्णय सांगायला लोर्ना किड आली. या वेळी छत्री तिनं आपणहून दाराबाहेर ठेवली.

"मशीनला परवानगी आहे," ती म्हणाली. "फक्त दिवसा. धुणं नाही. गाड्या दारात रेंगाळायच्या नाहीत. आणि घरावर पाटी लावायची नाही. नाव, फोन, काही नाही. एक वर्ष चाचणी."

"कुणाची चाचणी? माझी की तुमची?"

"बेवनबाई," लोर्ना किड थकून म्हणाली, "मी तुमच्या बाजूनं बोलले तिथं."

नेरिसनं तिच्याकडे पाहिलं. पोरीची सर्दी अजून गेली नव्हती. "बस," ती म्हणाली. "चहा घे. केस निघाला तर काढून टाक."

पाटीचं मात्र नेरिसच्या डोक्यातून जाईना. गावात इतर सगळ्यांना पाट्या. खाटकाला, न्हाव्याला, आयव्हरच्या जावयाला, जो वर्षात एक गाडी दुरुस्त करायचा. मग तिनं जुन्या लाल ताडपत्रीचे हातभर लांबीचे तुकडे कापले आणि पांढऱ्या जाड दोऱ्यानं त्यांच्यावर अक्षरं शिवायला घेतली. "बेवन. झुली शिवून मिळतील. कूमहेलिग." शिवून गेलेल्या प्रत्येक झुलीवर, घोड्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर येईल अशा ठिकाणी, एक तुकडा. कुणी कुरकुरलं नाही. शेतकऱ्यांच्या पोरींना तर आवडला.

सणाच्या तोंडावर दव गोठून रस्ते काचेसारखे झाले. त्या आठवड्यात मिसेस पेल्हमबाई पेनलानला आल्या. त्यांनी झुली लांबच्या शहरात पाठवल्या होत्या. तिथून त्या आल्याच नव्हत्या, आणि घोडी तबेल्यात थरथरत होती. गाडी फाटकाबाहेर थांबली. भोंगा वाजला. पुन्हा वाजला.

नेरिस आणि एमलिन एका भिजलेल्या झुलीची दोन टोकं धरून ती कठड्यावर चढवत होते. एमलिनची पाठ मध्येच धरली. तो दातांतून श्वास ओढून थांबला.

"सोड तू," नेरिस म्हणाली.

"धर तुझं टोक. सोडणार नाही मी."

भोंगा तिसऱ्यांदा वाजला. "काम असलं तर खाली उतरून या!" नेरिस ओरडली. "माझे हात अडकलेत!"

बाई उतरल्या. चिखल वर गोठलेला आणि आत मऊ होता. चौथ्या पावलाला त्यांचा बूट आत गेला. नेरिस वाट बघत उभी राहिली. बाई आल्या. कठड्यावरच्या झुलीवरचा लाल तुकडा त्यांनी वाचला.

"पाच झुली आहेत माझ्या. जुन्या, फाटक्या. उद्यापर्यंत हव्यात," त्या म्हणाल्या. "तुमचा जो काय दर असेल तो."

"तोच आहे. पूर्वीचाच."

"आणि हे..." त्यांनी तुकड्याकडे बोट केलं. "हे माझ्या घोड्यांवर नको. शिकारीच्या दिवशी सगळी मंडळी असतात."

"मग दुसरीकडून शिवून घ्या."

"नेरिस, समजून घ्या. माझ्या घोड्यांवर तुमचं नाव?"

"शिलाई माझी आहे. नाव नको असेल तर शिलाईपण नको."

वारा सुटला होता. मिस प्रोबर्टचा कुत्रा येऊन बाईंच्या कोटाचा वास घेऊ लागला. बाईंनी एमलिनकडे पाहिलं, जणू तो तरी काही बोलेल. एमलिननं बक्कलाला तेल लावलं आणि उजेडात धरून बघितलं.

"घेऊन या," शेवटी नेरिस म्हणाली. "गाडीतून इथपर्यंत. आमच्याकडे माणूस नाही उचलायला."

बाईंनी पाच फेऱ्या मारल्या.

सणाच्या दुसऱ्या दिवशी शिकारीची मंडळी दरवर्षीप्रमाणे गावातून निघाली. वरच्या आळीत सगळे दारांत उभे. लोर्ना किडही आली होती. घर बघायला म्हणून आली होती की मिरवणूक बघायला, ते तिनं सांगितलं नाही. आधी तट्टं आली, पोरी वर बसलेल्या. मग शेतकऱ्यांची घोडी. मग मिसेस पेल्हमबाईंची पाच, उंच, वाफा सोडणारी, खोगिरामागं झुली पांघरलेली. प्रत्येक पुठ्ठ्यावर लाल तुकडा, पांढरी अक्षरं, पावलागणिक वरखाली होणारी. आयव्हर कुंपणाशी मोठ्यानं वाचत होता, "बेवन... बेवन... अरे, यांच्यावरपण बेवन!"

लोर्ना किडनं कपाळाला हात लावला. "बेवनबाई, पाटी लावायची नाही असं मी स्पष्ट सांगितलं होतं."

"घरावर लावायची नाही म्हणालात," नेरिस म्हणाली. "माझ्या घरावर बघा. खिळा तरी दिसतोय का?"

पोरगी घराकडे बघू लागली, मग घोड्यांकडे, आणि तिला हसू आवरेना. एमलिन दारात उभा होता. खिडकीत नाही, दारात, काठीवर दोन्ही हात ठेवून, आणि जाणाऱ्या एकेका शेतकऱ्याला नावानं हाक मारत होता.

शेवटच्या घोड्याच्या झुलीचा पट्टा सैल होऊन लोंबत होता. नेरिस रस्त्यात उतरली, हात वर करून तिनं तो घोडा थांबवला आणि पुढे गेलेली सगळी मिरवणूक त्याच्यासाठी खोळंबली. तिनं पट्टा ओढून बक्कल लावलं, पुठ्ठ्यावरचं आपलं नाव तळहातानं सरळ केलं, आणि मगच बाजूला झाली.